शाळा इथली, मग फी परकी का?

४ जून २०२५ रोजी टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स इथल्या फेडरल न्यायालयात एक दावा दाखल झाला आणि त्याच दिवशी निकालीही निघाला. वादी अमेरिकेचे न्याय खाते, प्रतिवादी टेक्सास राज्य. टेक्सासच्या शाळांत शिकलेल्या पण वास्तव्याचे कायदेशीर कागद नसलेल्या मुलांना राज्याच्या सार्वजनिक कॉलेजांत ‘इन-स्टेट’ दराने, म्हणजे राज्यातल्या मुलांच्या दराने फी आकारली जायची. हा राज्याचा कायदा फेडरल कायद्याच्या विरुद्ध आहे, असे वादीचे म्हणणे. राज्याचे महाधिवक्ता केन पॅक्स्टन यांनी आपल्याच राज्याच्या कायद्याची बाजू मांडली नाही. दावा मान्य असल्याचे त्यांनी वादीच्या सोबतीने लिहून दिले, न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी त्यावर सही केली आणि चोवीस वर्षे चाललेला कायदा दिवस मावळायच्या आत संपला. ज्यांची फी त्यामुळे चौपटीच्या घरात जाणार होती, त्यांच्यातल्या एकालाही न्यायालयात तोंड उघडायची संधी मिळाली नाही.

हा कायदा रद्द करणारे विधेयक त्याच वर्षी टेक्सासच्या विधिमंडळात आले होते. सिनेटच्या समितीतून ते पुढे सरकले, पण सभागृहात मतदानाला आलेच नाही. २ जूनला अधिवेशन संपले. टेक्सासचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच नियमित भरते, म्हणजे पुढची वेळ थेट २०२७ ची. लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींनी जे केले नाही, ते दोन दिवसांनी दोन सरकारी कचेऱ्यांनी आपसांत ठरवून केले. कायदा तुम्हाला आवडो वा न आवडो, वादी आणि प्रतिवादी एकाच बाजूला बसलेले असताना झालेल्या निकालाला न्यायनिवाडा म्हणायला माझे मन तयार नाही. पुढे काही विद्यार्थ्यांनी ‘आम्हाला पक्षकार करून घ्या, आम्ही या कायद्याची बाजू लढवतो’ असा अर्ज केला. त्याच न्यायाधीशांनी तो फेटाळला.

फीचा फरक केवढा, ते सांगतो. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन शाखेत पदवीच्या एका वर्षाला राज्यातल्या विद्यार्थ्याला साधारण ११-१२ हजार डॉलर पडतात आणि राज्याबाहेरच्याला ४० हजारांच्या वर. चार वर्षांचा फरक लाख डॉलरच्या पुढे जातो. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या कम्युनिटी कॉलेजांचे आकडे लहान आहेत, पण तिथेही फी दुपटीच्या वर जाते. या मुलांना फेडरल सरकारचे गरजू विद्यार्थ्यांसाठीचे पेल अनुदान मिळत नाही, फेडरल शैक्षणिक कर्जही मिळत नाही. इन-स्टेट दर्जामुळे राज्याच्या अनुदानासाठी अर्ज करता यायचा, तोही मार्ग बंद झाला. निकाल जूनमध्ये आणि पुढचे सत्र ऑगस्टअखेर. दोन-तीन वर्षे शिकून झालेल्या मुलांना अडीच महिन्यांत एवढे पैसे उभे करायचे होते. टेक्सासच्या सार्वजनिक कॉलेजांत आणि विद्यापीठांत असे साधारण ५७ हजार विद्यार्थी असावेत, असा अंदाज त्या दिवसांत बातम्यांतून आला. आईवडील छपरावर, बांधकामावर किंवा कुणाच्या स्वयंपाकघरात राबतात, त्या घरात चाळीस हजार डॉलर वर्षाला निघत नाहीत. म्हणजे मूल कॉलेज सोडते. विद्यापीठाला जादा तीस हजार मिळत नाहीतच, जे अकरा हजार येत होते तेही जातात. यात कोणत्या करदात्याचे भले झाले, हे मला अजून कुणी पटवून दिलेले नाही.

हा कायदा कुणा डाव्या चळवळीने टेक्सासवर लादलेला नव्हता. २००१ साली ‘हाउस बिल १४०३’ दोन्ही पक्षांच्या जवळजवळ एकमुखी पाठिंब्याने संमत झाले आणि रिपब्लिकन गव्हर्नर रिक पेरी यांनी त्यावर सही केली. असा कायदा करणारे टेक्सास पहिले राज्य. त्याच वर्षी काही महिन्यांनी कॅलिफोर्नियाने आपला ‘असेंब्ली बिल ५४०’ आणला. पुढे २०११ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या वादचर्चेत पेरींना याच सहीवरून घेरले गेले. ज्यांना दुसऱ्यांनी इथे आणले, अशा मुलांना शिकवू नका म्हणणाऱ्यांना हृदय नाही, असे ते भर सभेत म्हणाले. त्यांच्याच पक्षाच्या प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि पुढे पेरींना तो शब्द मागे घ्यावा लागला. कायदा मात्र त्यांनी मागे घेतला नाही. न्यू जर्सीत २०१३ च्या डिसेंबरमध्ये ख्रिस ख्रिस्ती यांनी आणि फ्लोरिडात २०१४ मध्ये रिक स्कॉट यांनी अशाच कायद्यांवर सह्या केल्या. दोघेही रिपब्लिकन. ॲरिझोनाने २००६ मध्ये सार्वमताने ही सवलत बंद केली होती, तिथल्याच मतदारांनी २०२२ मध्ये सार्वमतानेच ती परत आणली. उलट टोकाला जॉर्जिया आहे, जिथल्या काही नामांकित सार्वजनिक विद्यापीठांत या मुलांना प्रवेशच नाही, आणि दक्षिण कॅरोलिना, जिथे सगळीच सार्वजनिक कॉलेजे बंद. फ्लोरिडाने २०२५ मध्ये आपला कायदा स्वतः रद्द केला. तो निर्णय मला चुकीचा वाटतो, पण निदान तो विधिमंडळात चर्चा होऊन, मतदानाने झाला.

आता मुळाशी जाऊ. मुळाशीही टेक्सासच आहे.

१९७५ मध्ये टेक्सासने ठरवले की, देशात कायदेशीर प्रवेश नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना राज्याचा पैसा मिळणार नाही. मग टायलर नावाच्या गावातल्या शाळा मंडळाने अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला हजार डॉलर मागायला सुरुवात केली. गुलाबांच्या शेतीसाठी आणि कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या गावात मजुरी करणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांना हे पैसे देणे शक्यच नव्हते. काही पालकांनी १९७७ मध्ये दावा लावला. न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी या पालकांवर कुणाची नजर पडू नये म्हणून सुनावणी पहाटे सहाला ठेवली. एका कुटुंबाने न्यायालयात येताना घरातले सामान गाडीत भरून आणले होते. परस्पर सीमेपलीकडे धाडले गेलो तर निदान भांडीकुंडी तरी सोबत असावीत, एवढाच त्यांचा हिशोब. मूल दुसरीत बसावे म्हणून त्या आईबापांनी केवढी जोखीम पत्करली होती!

तो खटला ‘प्लायलर विरुद्ध डो’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी मुलांच्या बाजूने निकाल लागला. आईवडिलांच्या कृतीची शिक्षा मुलांना देणे न्यायाला धरून नाही, हा न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांच्या निकालपत्राचा गाभा. त्यात आणखी एक इशारा आहे आणि तो महाराष्ट्रातल्या माणसाला तरी समजावून सांगावा लागू नये. या लोकांना स्वस्त मजूर म्हणून राहू द्यायचे आणि समाजाच्या सोयींपासून मात्र दूर ठेवायचे, असे चालू राहिले तर देशात कायमची एक जात तयार होईल, असे ब्रेनन यांनी लिहिले. विद्या बंद केली की खालची पायरी पिढ्यान्‌पिढ्या खालीच राहते, हे फुल्यांच्या मुलखातून आलेल्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाकडून शिकण्याची गरज नाही.

या निकालामुळे बालवर्गापासून बारावीपर्यंत शाळेचे दार उघडे आहे. शाळा मुलाचा व्हिसा विचारत नाही. टेक्सासमध्ये दर विद्यार्थ्यामागे वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च होतो. म्हणजे बारा वर्षांत राज्याने त्या मुलावर लाखाच्या पुढे डॉलर घातले. त्याला इंग्रजी शिकवली, टेक्सासचा इतिहास शिकवला, रोज सकाळी टेक्सासच्या झेंड्यालाही प्रतिज्ञा म्हणायला लावली. आणि ते अठरा वर्षांचे झाले, वर्गात पहिले-दुसरे आले, इंजिनिअर किंवा नर्स व्हायला निघाले की त्याला सांगायचे, तू इथला नाहीस, परक्याची फी भर. विहीर खणायची आणि पाणी लागल्याबरोबर बुजवायची, असला हा कारभार आहे.

डॅलसजवळच्या आमच्या भागातल्या सार्वजनिक वाचनालयात हिवाळ्यात कॉलेजचे अर्ज भरायला मुले येतात आणि आम्ही काही जण मदतीला बसतो. जुना कायदा होता तेव्हा या मुलांना इतर सगळ्या कागदांसोबत एक पानी प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. त्यात लिहिलेले असायचे की, मी टेक्सासच्या शाळेतून पदवी घेतली आहे, त्याआधीची सलग तीन वर्षे टेक्सासमध्ये राहिलो आहे आणि कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्यास पात्र ठरताच तो अर्ज करीन. खाली नोटरीचा शिक्का. एक मुलगी आठवते. आई एका भारतीय उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात भांडी घासते, वडील फरशा बसवतात. तिने ते पान दोनदा वाचले आणि विचारले, “पात्र ठरताच म्हणजे कधी?” आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते, कारण अमेरिकेच्या कायद्यात तिच्यासाठी अर्जच नाही. तिने सही केली. सरकारने दार उघडले तर त्या दिवशी मी रांगेत पहिली उभी राहीन, असे वचन तिने सरकारला लिहून दिले. दार उघडण्याचे वचन मात्र तिला कुणी दिलेले नव्हते.

‘कायद्याने या, रांगेत या’ असे इथल्या आपल्या मराठी मंडळींच्या गप्पांत फार सहजपणे म्हटले जाते, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. दोन वर्षांची असताना उचलून आणलेल्या मुलीला लावायला रांग कुठली? २०१२ मध्ये ओबामा यांनी सुरू केलेली ‘डाका’ योजना अशा काही मुलांना हद्दपारीपासून संरक्षण आणि कामाचा परवाना देते. पण तिच्यासाठी २००७ च्या जूनच्या मध्यापासून सलग अमेरिकेत असणे आवश्यक आहे. आज बारावी होणारी बहुतेक मुले त्या तारखेला जन्मलीही नव्हती किंवा इथे आली नव्हती. शिवाय २०२१ पासून नवे अर्ज न्यायालयाच्या आदेशाने अडकलेले आहेत. बरे, देश सोडून परत कायद्याने यावे म्हटले, तर १९९६ चा कायदा आडवा येतो. अठरा पूर्ण झाल्यावर विनाकागद वास्तव्याचे १८० दिवस ओलांडून देश सोडला तर तीन वर्षे परत येता येत नाही, वर्ष ओलांडले तर दहा वर्षे. मूल कॉलेजच्या पहिल्या वर्षात असते, तेव्हाच हे घड्याळ चालू होते. अशा मुलांना कायदेशीर वास्तव्याचा मार्ग देऊ पाहणारा ‘ड्रीम ॲक्ट’ २००१ पासून संसदेत पुन्हा पुन्हा येतो आहे. २०१० मध्ये सिनेटमध्ये ५५ मते पडली, हवी होती ६०. पाच मतांसाठी एका पिढीचे वय निघून गेले.

आता कायद्याचा मुद्दा, कारण विरोधकांचा सगळा भर त्यावर आहे आणि तो हवेत उडवून लावण्यासारखा नाही. १९९६ च्या त्याच फेडरल कायद्यात एक कलम आहे. कायदेशीर वास्तव्य नसलेल्या व्यक्तीला राज्यातल्या ‘रहिवासाच्या आधारावर’ उच्च शिक्षणाचा लाभ द्यायचा असेल, तर तोच लाभ देशातल्या कुठल्याही नागरिकाला रहिवास न पाहता मिळायला हवा. नीट वाचले तर हे कलम सवलतीवर बंदी घालत नाही, रहिवास हा आधार घ्यायला मनाई करते. कॅलिफोर्नियाने म्हणूनच निकष शाळेचा ठेवला: राज्यातल्या हायस्कुलात तीन वर्षे शिकून तिथूनच पदवी घेतली पाहिजे, मग विद्यार्थी नागरिक असो वा नसो. राज्यात शिकून नंतर बाहेर गेलेल्या नागरिकालाही तीच सवलत. २०१० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा कायदा वैध ठरवला. कॅलिफोर्निया विद्यापीठात या सवलतीचा लाभ घेणाऱ्यांत मोठा वाटा नागरिक आणि वैध दर्जाच्या मुलांचाच होता, हेही त्या खटल्यात पुढे आले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हात घालायला नकार दिला.

टेक्सासच्या कायद्याची शब्दरचना यापेक्षा कच्ची होती, हे मान्य केले पाहिजे. त्यात या मुलांना ‘रहिवासी’ ठरवूनच सवलत दिली होती, आणि २०२३ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सास ज्याच्या कक्षेत येते त्या, फेडरल अपील न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात त्याबद्दल शंकेचा सूरही काढला होता. पण कच्च्या शब्दरचनेवरचा उपाय विधिमंडळात दुरुस्ती हा आहे. कॅलिफोर्नियाचा नमुना समोर होता, दोन ओळींचे काम होते. ते न करता बचावाशिवाय कायदा पाडला गेला. टेक्सासनंतर न्याय खात्याने केंटकी, मिनेसोटा, ओक्लाहोमा अशा एकेका राज्यावर दावे लावले. ओक्लाहोमानेही टेक्सासचाच कित्ता गिरवला आणि न भांडता शरणागती पत्करली.

आता करदात्याच्या पैशांचे बघू. डॅलसच्या आसपास वसंतात गारपीट होते. लिंबाएवढ्या गारा पडल्या की आपल्या घरांच्या छपरांवरची शिंगल्स फुटतात, विम्याचा माणूस येऊन पाहून जातो आणि मग एके दिवशी उजाडायच्या आत सात-आठ जणांची टोळी येते. दुपारच्या रणरणत्या उन्हात ते जुने छप्पर उखडतात, खिळ्यांच्या बंदुकीने नवे ठोकतात आणि अंधार पडायच्या आत अंगणातल्या गवतावरून लोहचुंबकाचा दांडा फिरवून आपल्या पोरांच्या पायात खिळा जाऊ नये म्हणून एकेक खिळा वेचतात. त्यांच्यात कागद कुणाकडे आहेत, हे आपण त्या दिवशी विचारत नाही. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. राज्य चालते ते मुख्यतः विक्रीकरावर, शाळा चालतात त्या बऱ्याच अंशी मालमत्ता करावर. विक्रीकर राज्याचा सव्वासहा टक्के, गावाचा धरून सव्वाआठ टक्क्यांपर्यंत. दुकानातले यंत्र तो घेताना कुणाचा व्हिसा तपासत नाही. घरमालक मालमत्ता कर भाड्यातूनच वसूल करतो. कर आणि आर्थिक धोरणाचा अभ्यास करणाऱ्या वॉशिंग्टनमधल्या एका संस्थेच्या हिशोबाने २०२२ साली देशभरातल्या विनाकागद रहिवाशांनी सगळे मिळून जवळपास ९७ अब्ज डॉलर कर भरला, त्यातला ३७ अब्ज राज्यांच्या आणि स्थानिक संस्थांच्या तिजोरीत गेला. इन-स्टेट फी कमी का असते? तर राज्यातल्या कुटुंबांनी कराच्या रूपाने विद्यापीठाचा खर्च आधीच उचललेला असतो, म्हणून. मग या कुटुंबांनीही तो उचलला आहे.

आपल्या लोकांकडून याला जे उत्तर येते ते बहुतेक असे: “आम्ही तर पन्नास लाखांचे कर्ज काढून एमएस केले, परदेशी विद्यार्थी म्हणून पूर्ण फी भरली, आम्हाला कुणी सवलत दिली?” या रागाची मला जाण आहे. घर गहाण ठेवून पाठवणारे आईवडील मी पाहिले आहेत. पण टेक्सासमध्ये शिकलेल्या आपल्याच मुलांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. इथल्या सार्वजनिक विद्यापीठात वर्षाला किमान हजार डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली की बाहेरच्या विद्यार्थ्यालाही, अगदी परदेशीयालाही, इन-स्टेट दर लावता येतो. ही राज्याच्याच कायद्यातली तरतूद आहे. पुण्या-नाशिकहून आलेल्या कितीतरी मुलांनी प्रवेश मिळताच पहिला ईमेल लिहिला तो याच शिष्यवृत्तीसाठी, आणि ज्यांना ती मिळाली त्यांचे कर्ज निम्मे झाले. सीमेलगतच्या विद्यापीठांत गरजू मेक्सिकन नागरिकांनाही राज्याच्या दराने शिकण्याची तरतूद टेक्सासनेच केलेली आहे. म्हणजे परक्याला आपल्या दरात शिकवणे राज्याला मुळातच मान्य आहे. पुण्याहून काल आलेल्या मुलाला ते मिळू शकते आणि डॅलसमध्ये बालवर्गापासून शिकलेल्या मुलीला मिळू नये, याला न्याय कसा म्हणायचा?

आणि हा प्रश्न फक्त स्पॅनिश बोलणाऱ्यांचा आहे, हा समजही सोडायला हवा. अमेरिकेतल्या विनाकागद भारतीयांच्या संख्येबद्दल अंदाजांत मोठी तफावत आहे. अमेरिकी सरकारचा आकडा दोन-सव्वादोन लाखांचा, तर प्यू संशोधन केंद्राचा सात लाखांच्या आसपास. कुठलाही धरला तरी त्यात मुले आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून बेड्या घालून १०४ भारतीय अमृतसरला उतरवले गेले, त्यात हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे लोक जास्त होते, पण महाराष्ट्राचेही तिघे होते. दलालांना लाखो रुपये देऊन जंगलातून येण्याचा मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही. पण त्या वाटेवर कुणाच्या कडेवर बसून आलेल्या पोराने तो मार्ग निवडलेला नसतो.

आपल्या अगदी घरातला प्रश्न तर वेगळाच आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या आईवडिलांसोबत एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर आलेली मुले. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपासच. भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. नागपूरहून तीन वर्षांची असताना आलेली मुलगी इथेच शाळा शिकते, मराठी मंडळाच्या गणपतीत नाचते, आणि एकविसाव्या वाढदिवसाला आईवडिलांच्या अर्जातून तिचे नाव गळते. मग तिला परदेशी विद्यार्थिनी म्हणून नवा व्हिसा घ्यावा लागतो, नाही तर ज्या देशाची तिला धड आठवणही नाही तिथे परतावे लागते. २०१२ मध्ये ज्यांच्याकडे वैध दर्जा होता त्यांना डाका योजनेत जागा नव्हती, म्हणून कायदा काटेकोर पाळलेल्या या कुटुंबांची मुले तिथूनही बाहेर राहिली. ज्यांनी रांग धरली त्यांची ही गत आहे. तेव्हा रांगेतली मुले आणि रांगेबाहेरची मुले एकमेकांची वैरी नाहीत. दोघांचेही म्हणणे एकच आहे: आम्ही कुठे वाढलो, कुठे शिकलो ते पाहा.

हेच तत्त्व महाराष्ट्रात आपण गेली कित्येक वर्षे मनापासून धरले आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. बेळगावच्या मराठी मुलाला त्यामुळे किती त्रास होतो आणि सीमाभागासाठी वेगळी तरतूद करावी लागते, हे आपल्याला माहीत आहे. त्या कोट्यात अधिवास आणि नागरिकत्वाच्या अटीही आहेत, त्यामुळे तुलना शंभर टक्के जुळत नाही. पण ज्या राज्याने मुलाला शिकवले त्या राज्याच्या कॉलेजवर त्या मुलाचा हक्क आधी, हा विचार आपल्याला परका नाही. तो मुंबईत योग्य आणि ह्यूस्टनमध्ये अयोग्य, असे म्हणायला मला तरी जीभ उचलत नाही.

एक आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. कामाचा परवानाच नसेल तर पदवी घेऊन ही मुले करणार काय? त्याला पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. काहींची परिस्थिती लग्नाने, आश्रयाच्या अर्जाने, गुन्ह्याचे बळी म्हणून मिळणाऱ्या व्हिसाने बदलते. काही स्वतःचा व्यवसाय काढतात. काहींची खरेच कोंडी होते. पण उद्या दार बंद असेल म्हणून आज शिकूच नका, हा सल्ला आपण आपल्या एच-४ मुलांना देत नाही. त्यांना आपण म्हणतो, शिकून तर ठेव, पुढचे पुढे. आपल्या मुलांना दिलेला हा सल्ला शेजारच्या मुलांसाठी खोटा कसा ठरेल?

टेक्सासचे विधिमंडळ जानेवारी २०२७ मध्ये पुन्हा भरेल. मागणी साधी असावी: रहिवासाचा निकष काढा आणि शाळेचा निकष घाला, म्हणजे राज्याच्या हायस्कुलात तीन वर्षे शिकून तिथून पदवी घेतलेल्या प्रत्येकाला, कोणत्याही पासपोर्टच्या किंवा बिनपासपोर्टच्या मुलाला, राज्याचा दर. कॅलिफोर्नियात हीच भाषा न्यायालयात टिकलेली आहे. एच-४ मधून वयाने बाहेर पडणाऱ्या मुलांची नावे त्याच कलमात स्पष्ट घातली तर आपल्या समाजाचा आवाज त्यामागे उभा राहू शकतो, आणि डॅलसच्या आसपासच्या फ्रिस्को, प्लेनो, आयर्व्हिंगमधल्या आमदारांना आपल्या मतांची किंमत आता चांगली कळते. नागरिकत्व मिळालेल्या प्रत्येक मराठी माणसाने आपल्या आमदाराच्या कचेरीत एक फोन करायला हरकत नाही.

तोवर आपल्या हातातले काम आपल्याला कुणी अडवलेले नाही. मंडळे आणि समाजसंस्था दरवर्षी हुशार मुलांना पाचशे-हजार डॉलरच्या शिष्यवृत्त्या देतात. हा खाजगी पैसा आहे. ज्या संस्थेच्या अर्जात ‘नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक’ अशी अट छापलेली असेल, तिथे पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत ती ओळ खोडायचा ठराव मांडा. त्या ओळीने एच-४ वरचा आपला भाचाही बाहेर राहतो आणि आपल्या छपरावर खिळे ठोकणाऱ्याची मुलगीही. तिथे लिहा: टेक्सासच्या शाळेतून बारावी उत्तीर्ण.